चुकलेली जुळवणी

एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. मी ती वाजताना ऐकली आहे. भिंतीपलीकडून, संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला. भिंत एका विटेची होती, शेजारी कुणी कपाटाची किल्ली फिरवली तरी आमच्याकडे कळायचं.

भांडण म्हणावं तर त्याला निदान दोन आवाज लागतात. इथे एकच होता आणि तोही चढलेला नव्हता. मास्तर तोंडी परीक्षा घेतात तसं नवरा विचारत होता आणि बायको उत्तरं देत होती.

"दुकान किती लांब आहे?"

"सात मिनिटं."

"जाऊन येऊन?"

"चौदा."

"मग पंचवीस कशी झाली?"

"रांग होती."

"रांगेत कोण कोण होतं?"

तिने एकेक करून सांगितलं. त्यातलं कुणीतरी त्याला आवडलं नसावं. मग ती टाळी वाजली. लगेच तिचा आवाज आला, "चुकलं माझं." दार ओढून घेतल्यावर हात आपोआप कडीकडे जातो ना, तितक्या सवयीने म्हणाली.

मी भिंतीला पाठ लावून बसले होते. एकदा मोठ्याने खोकले. त्यापलीकडे मी काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जिन्यात भेटला. माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि वरपर्यंत आणून दिली. "काकू, तुम्ही कशाला ओझी उचलता? हाक मारत जा की," म्हणाला. असा नाकासमोर चालणारा जावई आपल्याला मिळायला हवा होता, असं गल्लीतल्या दोन-तीन आया उघड बोलायच्या. चालायचा नाकासमोरच, त्यात खोटं नाही. फक्त नजर मनगटावरच्या घड्याळाकडे असायची.

पुढच्या दोन वर्षांत ती दोनदा घर सोडून गेली. पहिल्यांदा आईकडे. आईने चार दिवस ठेवून घेतलं, पाचव्या दिवशी स्वतः आणून पोचवलं. जाताना जिन्यात तिला सांगत होती, की भांड्याला भांडं लागायचंच, बाईच्या जातीने जुळवून घ्यावं. दुसऱ्यांदा ती एका मैत्रिणीकडे गेली. तिथे हा जाऊन रडला. पुरुषमाणूस रडला म्हटल्यावर मैत्रिणीचा नवरा पाघळला, मैत्रीण पाघळली, आणि दोघांनी मिळून हिला रिक्षात बसवलं. बसताना तिला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग मी ती जागा सोडली. माझा मालक, म्हणजे घरचा नव्हे, घरचा तेव्हा आधीच वारला होता. मी ज्याच्याकडे कामाला होते तो पुस्तकबांधणीवाला. त्याच्या कारखान्यामागे दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्या त्याने मला दिल्या. तिथे एका सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. अंगावर घरातली साडी आणि हातात दुधाची किटली. किटली रिकामी. दुधाला म्हणून निघाली होती आणि दूधवाल्याच्या दुकानावरून तशीच पुढे चालत आली होती.

"मावशी, किती वाजले?" हे तिचं पहिलं वाक्य.

"घड्याळ बंद पडलंय," मी म्हटलं.

ते चालू होतं, तिला टिकटिक ऐकू येत असणार. पण ती आत येऊन बसली. त्या दिवसापासून मी घड्याळाला किल्ली देणंच सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते थांबलं आणि माझं बोलणं आपसूक खरं झालं.

आता तिसऱ्यांदा ती परत जाणार की नाही, एवढाच प्रश्न होता. मैत्रिणीने पैज लावल्यासारखं सांगितलं, की पंधरा दिवस. आईने निरोप पाठवला, की राग निवला की कळव, आणायला येते. तिला स्वतःलाही आपण राहू असं वाटत नव्हतं. तिने किटली दाराजवळच ठेवली होती, जाताना विसरायला नको म्हणून.

मी तिला कारखान्यात घेऊन गेले. कारखाना म्हणायचा एवढंच. एक लांब खोली, एका बाजूला रस्त्याकडे मोठी खिडकी, मधे लांबलचक टेबल, कोपऱ्यात कापायचं यंत्र. छापखान्यातून छापलेले मोठे कागद यायचे. ते घडी घालून सोळा पानांचा एक फर्मा व्हायचा. असे दहा फर्मे एकावर एक नीट क्रमाने घेतले, दाभणाने शिवले, पाठीला खळ लावली, पुठ्ठा चढवला आणि तीन बाजूंनी कापलं की पुस्तक. मालकाला माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत. तो सगळ्यांना कामावरून हाक मारायचा. घडी घालणारी ती घडी, शिवणारी ती शिलाई. मी खळ. "ए खळ, आज पातळ झालीस," असं तो मला म्हणायचा आणि मी त्याला म्हणायचे, की पिठाचा डबा तुमच्याकडे असतो.

फर्मे क्रमाने उचलायच्या कामाला जुळवणी म्हणतात. टेबलावर दहा ढीग मांडलेले असतात, बाई पहिल्यापासून दहाव्यापर्यंत चालत जाते, प्रत्येक ढिगातला एकेक उचलते, शेवटी गठ्ठा ठोकून ठेवते आणि पुन्हा पहिल्याशी येते. डोकं लागत नाही, पाय लागतात. ते काम तिला मिळालं, म्हणून तिचं नाव जुळवणी पडलं. जिला सगळ्या जगाने जुळवून घे, जुळवून घे म्हणून सांगितलं तिला हे नाव. ती कडवट हसलीसुद्धा नाही. मान खाली घालून कामाला लागली.

दिवसातून किती वेळा ती "चुकलं माझं" म्हणायची याला सुमार नव्हता. खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीला म्हणायची. शिलाईचा दोरा तुटला, तो शिलाईच्या हातून, तर हीच इकडून म्हणायची. घडी एकदा शिंकली आणि ही म्हणाली, चुकलं माझं. घडी म्हणाली, अगं बये, माझी शिंक तरी मला ठेव.

आठवडाभराने दोन पुस्तकं एकदम कामाला आली. एकाच छापखान्याची, एकाच आकाराची, एकाच कागदावर, दोन्ही दहा-दहा फर्म्यांची. एक कोणा डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं. घरात छळ सोसलेल्या बायकांनी त्यातून बाहेर पडल्यावर कसं सावरावं, यावर. दुसरं घरगुती कोंबडीपालन. टेबलाच्या अलीकडच्या कडेला डॉक्टरीणबाईंचे ढीग मांडले, पलीकडच्या कडेला कोंबड्यांचे, पण उलटीकडून, म्हणजे इकडच्या पाचव्यासमोर तिकडचा सहावा. आधी अलीकडचं पुस्तक जुळवायचं, मग पलीकडचं, असं मालक सांगून गेला.

अलीकडच्या रांगेतले पहिले पाच ढीग भिंतीच्या आड होते. सहाव्यापासून पुढचे खिडकीसमोर. त्या सकाळी ती पाचवा फर्मा उचलून सहाव्याकडे वळली आणि तिला रस्त्यापलीकडे नवरा दिसला. हातात तिची छत्री धरून उभा होता. ऊन होतं, पाऊस नव्हता. छत्री तिची आहे आणि ती आपल्याकडे आहे, एवढं दाखवायला आणली असावी. मधूनमधून घड्याळ बघत होता.

खिडकीसमोरून जायला नको म्हणून ती पाचव्या ढिगापासून मागे फिरून टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली. तिथेही, भिंतीच्या आडच, सहाव्या आकड्याचा ढीग होता. सहा, सात, आठ, नऊ, दहा. आकडे बरोबर लागले. काम सोडलं नाही, फेऱ्या घालत राहिली. पाच इकडचे, पाच तिकडचे. तो उभा होता तोवर हे चाललं. तो गेल्यावर ती पुन्हा सरळ रांगेने जायला लागली. आपण काय केलं याची तिला कल्पनाही नव्हती.

शिलाईने शिवलं, तिला वाचायचं कारण नव्हतं. माझ्याकडे आलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण खळ लावताना अक्षर कोण बघतं? मी शेवटचं पान उलटं करून बघितलं, त्यावर कोंबडीचं चित्र होतं, म्हणून पहिल्या प्रतीला कोंबडीचा पुठ्ठा चढवला आणि कापायला पाठवली. तेव्हा चूक तिची एकटीची नव्हती, निम्मी माझी.

कापणाऱ्याने कड बघायला पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि पोट धरून हसत मालकाकडे गेला. मालक आला. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, "जुळवणी, हे काय जुळवलंस?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. दोन्ही हात वर आले, तोंडापुढे. "चुकलं माझं."

"ते दिसतंय. किती?"

"चुकलं माझं."

"अगं, चुकलं ते मला कळलं. किती चुकल्या ते सांग."

"माझं चुक..."

"आकडा," मालक म्हणाला. ओरडला नाही. त्याला चहाला जायचं होतं.

ती ढिगापाशी गेली आणि मोजायला बसली. मोजताना हात खाली आले. सगळे गठ्ठे उलटून बघितले, पुन्हा मोजले. "बेचाळीस."

"मग बेचाळीस. उसवा," म्हणून तो गेला.

ती उभीच राहिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "बेचाळीसच?"

"तूच मोजल्यास ना."

"हो. पण बाकीच्या?"

"बाकीच्या बरोबर आहेत की. बरोबर असलेल्यांना काय करायचं?"

तिच्या घरी चुकीला आकडा नव्हता. ती पंचवीस मिनिटांची चूक सकाळपर्यंत पुरायची, मग आठवडाभर, मग लग्नाच्या दिवसापर्यंत मागे जायची. इथे बेचाळीस म्हणजे बेचाळीस, त्रेचाळीसावी प्रत चांगली. दुपारभर बसून तिने एकेचाळीस उसवल्या आणि पुन्हा जुळवल्या. पुठ्ठा चढलेली, कापलेली जी एक होती, तिचं काही होण्यासारखं नव्हतं. ती मालकाने रद्दीत टाकायला सांगितली. तिने पदराखाली घरी आणली.

तिचं शिक्षण माझ्याहून तीन यत्ता जास्त. संध्याकाळी मी भाजी चिरायची आणि तिने वाचायचं, असं सुरू झालं. डॉक्टरीणबाई सरळ लिहिणाऱ्या होत्या. एक वाक्य मला पाठ आहे: मारणारा माणूस सगळ्या जगाला मारत नाही, एकीलाच मारतो, म्हणजे हात आवरणं त्याला येतं. हे वाचून ती थांबली. मला ती जिन्यातली पिशवी आठवली.

तिसऱ्या संध्याकाळी पाचवा फर्मा संपत आला. त्यात लिहिलं होतं, की सोडून गेलेली बाई एकदा नव्हे, पुष्कळदा परत जाते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, डोकं आणि पाय वेगवेगळ्या वेळी घर सोडतात. पुढे शेवटची ओळ होती: "परत येण्याचा निरोप येईल तेव्हा सर्वांत आधी". पान संपलं. तिने पान उलटलं आणि त्याच सुरात पुढे वाचलं, "जखमी कोंबडी वेगळ्या खुराड्यात ठेवावी."

मी मान डोलावली. मला वाटलं, डॉक्टरीणबाई दृष्टांत देतायत. ती क्षणभर अडखळली, पण तिनेही वाचणं थांबवलं नाही. पुढे लिहिलं होतं, की जखम दिसली की कळपातल्या बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात. त्या दुष्ट असतात असं नाही, लाल दिसलं की टोचायचं हा त्यांचा स्वभाव. म्हणून जखमी कोंबडी वेगळी काढावी, पण इतरांचा आवाज तिच्या कानावर पडेल अशा जागी. दाणापाणी ठरल्या वेळी द्यावं. जखम सारखी उघडून पाहू नये. खुराड्याचं दार उघडलं तरी ती काही दिवस बाहेर येणार नाही, ओढून काढू नये. आणि पिसं पुरती आल्याशिवाय तिला परत सोडू नये.

मला हे फार पटलं. मी दुसऱ्याच दिवशी मागची खोली तिला मोकळी करून दिली, कारण तिथे कारखान्यातल्या बायकांचे आवाज यायचे. जेवण ठरल्या वेळी तिच्या पुढ्यात ठेवायला लागले. कारखान्यात घडीला आणि शिलाईला दटावलं, की तिला काय झालं, कसं झालं, मारायचा तर कशाने मारायचा, हे विचारायचं नाही. घडी म्हणाली, मी आपली मायेने विचारते. मी म्हटलं, कोंबड्यासुद्धा मायेनेच टोचत असतील.

चार दिवसांनी ती अंड्यांवर येऊन पोचली. भेदरलेली कोंबडी अंडी देणं बंद करते, तिला रागावू नये, महिना-दीड महिन्यात ती आपणहून सुरू करते. इथे ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. पुस्तक खाली ठेवावं लागलं इतकी.

"मावशी, हे कोंबड्यांचं आहे."

"मग? मी कुठे म्हटलं हत्तींचं आहे?"

तिने मला पुठ्ठा दाखवला, जुळवणी कशी चुकली ते समजावून सांगितलं. मी म्हटलं, असू दे. एवढी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो, तिचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मैत्रिणीचे पंधरा दिवस संपले त्या रविवारी सकाळी आई आणि नवरा दोघं मिळून आली. तो माझ्या पाया पडल्यासारखा वाकला, खुर्ची नको म्हणाला, दाराशी उभा राहिला. छत्री बरोबर होती. आईने बोलायला सुरुवात केली. घर बाईने राखायचं असतं, माणूस वाईट नाही, व्यसन नाही, बाहेर डोळा वर करून बघत नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती बोलत होती आणि पदराच्या टोकाला पीळ घालत होती. आईला रडू येत होतं, हेही खरं.

तो नंतर बोलला, अगदी मऊ. "मी सगळं विसरायला तयार आहे. रोज बाहेर उभा राहून वाट बघितली. चल."

ती उठली. चपला पायात घातल्या. दाराजवळची किटली उचलली. मी आत ओट्याशी उभी होते, उगाचच सुरी हातात घेतली. आईने सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. त्याने सवयीने घड्याळ बघितलं आणि तेवढ्यावर थांबला असता तर ती गेली असती, असं ती मला पुढे कितीदा तरी म्हणाली. पण त्याला एक गोष्ट राहिल्यासारखी वाटली.

"तुझंही चुकलं होतं, एवढं फक्त आईंसमोर कबूल कर."

तिचं तोंड उघडलं. ते दोन शब्द ओठांवर आलेले दिसत होते. मग तिने विचारलं, "किती?"

"किती म्हणजे?"

"किती चुकलं? आकडा सांगा. आमच्या कारखान्यात आधी मोजतात."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी भाजी चिरत होते. म्हणजे सुरी हलवत होते, भाजी नव्हतीच. "असं कुठे मोजून सांगता येतं?" तो म्हणाला, आणि आवाज आणखी खाली आला. भिंतीपलीकडून यायचा तो हा आवाज. "काय म्हणतेस ते कळतंय का तुला?"

तिने किटली खाली ठेवली. "माझी पिसं अजून आलेली नाहीत," ती म्हणाली. "ती येईपर्यंत मी कुठे जाणार नाही."

कुणालाच काही कळेना. आईने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, बाई गं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यालाही ते पटलं. मला वाटतं, त्याला ते सोयीचंही वाटलं, कारण बायको सोडून गेली म्हणण्यापेक्षा बायको वेडी झाली म्हणणं बरं. छत्री भिंतीला टेकवून ठेवून तो निघून गेला. पुढे त्याने तेच सगळीकडे सांगितलं, आणि त्यामुळे एक झालं. वेडीला परत जा म्हणून सांगायला कुणी येईनासं झालं. शहाणी म्हणून सुटली नसती, वेडी म्हणून सुटली.

आई आणि तो, दोघं गेल्यावर मी तिला विचारलं, की हे तू ठरवून बोललीस का. ती म्हणाली, नाही, तोंडात आलं ते बोलले. मग पायातल्या चपला काढल्या आणि दोन तास झोपली.

घटस्फोटाची कागदपत्रं पुरी व्हायला दोन वर्षं गेली. मधे सगळं सरळ झालं असं नाही. एकदा तो आजारी असल्याचा निरोप आला. तेव्हा तिने तीन दिवस चपला दाराशी बाहेर तोंड करून ठेवल्या होत्या. चौथ्या दिवशी वळवल्या. दुकानात गेली आणि सात मिनिटं झाली की तिला घाम यायचा, पुढे बरीच वर्षं यायचा. "चुकलं माझं" सुटलं नाही, कमी झालं. खळीची वाटी सांडली की सुरुवात व्हायची, "चुकलं," आणि मग वाटीकडे बघून म्हणायची, "एक."

पुस्तकाची बरोबर प्रत मालकाने नंतर तिला दिली. खरं पुढचं वाक्य काय होतं ते बघायला आम्ही दोघी उतावीळ. "परत येण्याचा निरोप येईल तेव्हा सर्वांत आधी, एकटीने भेटायचं नाही हे ठरवावं," असं होतं. ती म्हणाली, बरोबर आहे, पण कोंबडीचं मला आधी समजलं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिलाईच्या नात्यातली एक सून हात गळ्यात बांधून आली. पायऱ्यांवरून पडले म्हणाली. हिने तिला काही विचारलं नाही. छापखान्याकडून उरलेले फर्मे रद्दीत आले होते ते तिने कपाटात जपून ठेवले होते. त्यातून तिने एक प्रत बांधली आणि ती मुद्दाम चुकवली. पुढे एक फर्मा कोंबड्यांचा, मग पाच डॉक्टरीणबाईंचे, मागे पुन्हा कोंबड्या. वर पुठ्ठा कोंबडीपालनाचा. घरात कुणी पुढून उघडलं तर खुराडं, मागून उघडलं तर खुराडं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, तर हिने उजाडणंच कोंबड्यांखाली झाकून पाठवलं.

मग ते चालूच झालं. दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या सिस्टरशी तिची ओळख झाली. पायऱ्यांवरून पडणाऱ्या बायका आधी तिथेच यायच्या. सिस्टर म्हणायची, ज्यांच्या घराला जिना नाही त्यासुद्धा पायऱ्यांवरून पडतात. तर दर शनिवारी काम सुटलं की ही एक प्रत घेऊन तिथे जायची आणि सिस्टरच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात, कापसाच्या गुंडाळ्यांखाली ठेवायची. मागच्या शनिवारची प्रत तशीच असेल तर नवी ठेवायची नाही. बहुतेक वेळा नसायची, सिस्टरने ती कुणाच्या तरी पिशवीत घातलेली असायची. उरलेले फर्मे संपले तेव्हा झेरॉक्स काढून घड्या घालायला लागली. मालक सगळं बघत होता. एकदा एवढंच म्हणाला, की जुळवणी, तुझी चूक आता चांगली बसलीय हाताला.

किती प्रती दिल्या असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, ते कशाला मोजायचं, ती काय चूक आहे?

सगळ्याच सुटल्या असं नाही. काही परत गेल्या, काहींचं काय झालं कळलं नाही. एकीने खरंच कोंबड्या पाळल्या आणि त्यांच्यावर घर चालवलं. ती अंडी घेऊन यायची आणि म्हणायची, मागचा भागही चांगला आहे. हिची स्वतःची आई दहा वर्षांनी एका दुपारी आली, शेजारणीच्या लेकीसाठी एक प्रत मागितली, पिशवीत घातली आणि चहा घेऊन गेली. जुळवून घे हा शब्द दोघींपैकी कुणी काढला नाही.

ही मागच्या खोलीतच राहिली. एकतीस वर्षं. मालक गेला, त्याच्या मुलीने कारखाना चालवला, जुळवणीला यंत्र आलं. हिचं काम म्हणजे यंत्राने काढलेले गठ्ठे तपासणं. यंत्राची चूक सापडली की आकडा सांगायची आणि उसवायला बसायची. केस पांढरे झाले, गुडघे धरायला लागले. एका रविवारी सकाळी तिने दार उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेत, काही कळलं नसेल.

त्याच्या आदल्या दिवशी शनिवार होता. चारला काम सुटल्यावर तिने प्रत तपकिरी कागदात गुंडाळली, किटली घेतली आणि मला विचारलं, मावशी, दूध आणू का? मी म्हटलं, आण. दवाखान्यात सिस्टर कुणाच्या तरी जखमेला बसली होती, तेव्हा हिनेच दुसरा खण उघडला, कापसाखाली हात घालून बघितलं, मागची प्रत गेली होती. नवी ठेवली, कापूस वर सारखा केला, खण लावला. हे सिस्टरने मला नंतर सांगितलं. तिथून ती दूध घ्यायला गेली. दुकान इथूनही सात मिनिटांवर. ती साडेसहाला आली.

"रांग होती," म्हणाली.

रांगेत कोण कोण होतं ते मी विचारलं नाही, तिनेच सगळं सांगितलं, कोण काय म्हणालं, कोण कुणाला हसलं. मग दूध माझ्या पातेल्यात ओतलं, किटली विसळून खिळ्याला उपडी टांगली आणि मागे गेली.